रणगाड्याच्या घुमटाचा साचा

बाबा, आज आपल्या साच्यांच्या गाळ्यात ब्लेड दोनदा माझ्या हातातून खाली पडलं.

परवा भुईगावच्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. त्यांचा नवरा सैन्यात रणगाडा चालवायचा. निवृत्तीनंतर त्याने सागवानात हातभर लांबीचा रणगाडा कोरला, आणि गेल्या वर्षी तो वारला. मुलगे दोन, आणि रणगाडा दोघांनाही हवा, म्हणून तसाच दुसरा करायचा. बाईंनी वरचा गोल घुमट तेवढा सोडवून आणला होता. "बाकीचा सुतार करतो म्हनतो. ही गोलाई त्याला जमत नाय." मी हो म्हटलं, पण मनातून नको होतं.

कारण तुम्हाला ठाऊक आहे. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, याच गाळ्यात. साच्याचा खालचा भाग तयार होता, आणि वरचं रबर ओतण्याआधी मधे व्हॅसलीन लावायचं मी विसरले. दोन्ही भाग एकजीव झाले. तुम्ही कापून काढत होतात, आणि आतल्या जुन्या लाकडी मूर्तीची बोटं तुटली. कुणाच्या तरी देवघरातली मूर्ती. मूर्तीच्या मालकासमोर तुम्ही म्हणालात, "चूक माझी." तो गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणालात, "उद्यापासून तू फक्त पॅकिंग बघ." दोन महिने तुम्ही माझ्या हातात ब्रश दिला नाहीत.

आज सकाळी साचा उघडायचा होता. बाई शेजारीच स्टुलावर बसलेल्या. दोन्ही भाग अलगद सुटले, पण घुमट खालच्या भागातून हलेना. तोफेची नळी जिथे बसते तिथे लाकडाला बारीक चीर होती, रबर तिच्यात शिरलं होतं. ती मी आधी पाहिलीच नव्हती. थोडं ओढलं तर लाकूड करकरलं. बाईंना चहाला पाठवावं आणि मग काय ते बघावं, असंही मनात आलं.

"बाई, अडकलंय. ओढलं तर लाकूड फुटेल."

त्या उठून जवळ आल्या. "मग रबर काप."

"साचा वाया जाईल."

"जाव दे. तो परत व्हतो. ह्यो नाय व्हनार."

त्यांनी घुमट दोन्ही हातांनी धरला आणि मी त्यांच्या बोटांच्या मधून कापत राहिले. पाऊण तास. घुमट अख्खा निघाला. बाईंनी तो फिरवून पाहिला, पदराने पुसला. आता त्या तो घेऊन जातील, असं मला वाटलं. जावं, असंच वाटत होतं. त्यांनी तो परत माझ्या टेबलावर ठेवला. "चिरेत मेन भर नि दुसरा साचा कर," म्हणाल्या आणि बस पकडायला गेल्या.

चीर मेणाने बुजवली आहे. घुमट क्लेमध्ये निम्मा बसवला आहे. रबराचा डबा समोर आहे, झाकण अजून लावलेलंच. तुमची आठवण आली म्हणून लिहायला बसले, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही, बाबा. ओतायचं लांबवायला काहीतरी हवं होतं.