कॅलेंडरवरच्या नऊ खुणा

धम्मपाल,

मी सिन्नरला ताईकडे जातेय. कधी येईन ते आत्ता सांगत नाही. किल्ली शेजारच्या सुवर्णाकडे आहे. फ्रीजमध्ये भाजी आहे, ती गरम करून खा.

मी रिटायर झाले तेव्हा वही तूच आणून दिलीस. रोज एक पान आठवणी लिही, मन शांत राहतं, म्हणालास. लिहिलं त्या दिवशी खूण करायला स्वयंपाकघरात कॅलेंडरही टांगलंस आणि हौसेने खुणा तूच करायला लागलास. "आई, एक दिवस चुकला नाही, मानलं तुला!" असं कालसुद्धा सातपूरला ड्यूटीवर निघताना बूट घालता घालता म्हणालास.

गेल्या नऊ दिवसांत मी एक अक्षर लिहिलेलं नाही. त्याआधी शेवटचं लिहिलं ते तुझे बाबा गेले त्या दिवसाच्या आठवणीचं पान, आणि त्याखाली मी एक ओळ लिहिली, "धम्मपाल, हे वाचलंस की जरा माझ्याजवळ येऊन बस." वही तशीच उघडी तुझ्या ताटाशेजारी ठेवली. तू ती बाजूला सरकवलीस, जेवलास, आणि उठून कॅलेंडरवर लाल खूण केलीस. त्यानंतरही रोज केलीस.

तीस वर्षं मी पोरांच्या वह्या तपासल्या. न वाचता बरोबरची खूण करायची मला लाज वाटायची. तेवढी एक गोष्ट तुला शिकवायची राहिली.

आजचं पान म्हणजे ही चिठ्ठी. पूर्ण वाचलीस तरच खूण कर.

आई