नेझाचा कोंबडा आणि माझा चष्मा

ती. तोंचकाताईस,

धाकट्या लुडविकचा साष्टांग नमस्कार (उभ्यानेच, कंबर धरली आहे).

मारिबोरच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला? इथे सगळं क्षेम आहे, फक्त माझी अब्रू तेवढी धोक्यात आहे. पुढचं बसून वाच.

शनिवारी स्की घालून आम्ही गावकऱ्यांनी नेहमीप्रमाणे उतारावरचा बर्फ तुडवला. (यंत्र आणायचा विषय दर हिवाळ्यात निघतो आणि सूप आलं की मागे पडतो.) मग गाश्परने जुन्या ट्रकचं इंजिन सुरू केलं, डोंगरावर ओढून नेणारा दोर फिरू लागला आणि जो तो आपल्या घराची खूण कोरलेला लाकडी आकडा खुंटीवरून घ्यायला झोपडीत धावला. आत कोबीचं सूप उकळत होतं. माझ्या चष्म्यावर वाफ धरली (हे लक्षात ठेव, साक्ष द्यावी लागेल). हाताला आला तो आकडा घेतला, दोरात अडकवला आणि ऐटीत वर निघालो. अर्ध्या वाटेवर खालून टाळ्या ऐकू आल्या. माझ्या वयाला दाद देताहेत असं वाटून मी हात हलवला, तोल गेला आणि पाठीवर घसरत थेट झोपडीच्या दारात आलो.

हातातल्या आकड्यावर आपली नाशपाती नव्हती, नेझाचा लाल कोंबडा होता!

“लुडविकदादा, एकसष्टाव्या वर्षी नाशपाती आणि कोंबडा यांतला फरक कळेना होय?” गाश्पर ओरडला. नेझा सूप ढवळत म्हणाली, “राहू दे रे. आधी उठू तर दे त्याला.”

दुसऱ्या घराचा आकडा धरला की सोयरीक, हा नियम आपल्याच आजोबांचा. (लोक उसने आकडे मोडायचे म्हणून त्यांनी ही दहशत घातली. तेव्हापासून गावात सात लग्नं झाली.) आता येत्या रविवारपर्यंत मी कोंबडा नेझाच्या खुंटीला परत टांगला तर चूक माफ. त्याच खुंटीला आपली नाशपाती टांगली तर लग्न पक्कं.

चाळीस वर्षांपूर्वी शर्यतीत नेझा तुला आडवी आली, तेव्हापासून तू तिच्याशी बोलत नाहीस, हे मी विसरलेलो नाही. म्हणून हात जोडून सांगतो, रविवारी ये आणि हा जन्मापासूनच वेंधळा आहे असं चारचौघांत सांगून मला सोडव. तुझ्यापुढे बोलायची गावात कुणाची टाप नाही.

तुझा आज्ञाधारक (शक्यतो),
लुडविक

ता. क. : येताना आईची अंगठी घेऊन ये. योहाना जाऊन आठ वर्षं झाली, ताई. एकट्यापुरतं सूप करायचा कंटाळा आला. पण तू हो म्हटल्याशिवाय नाशपाती टांगणार नाही.

आणखी एक : चष्म्यावर वाफ नव्हती. कोंबडा मला स्वच्छ दिसला होता.

शेवटचं : तो नेझाच्या खुंटीवर नव्हताच, माझ्या खुंटीवर होता. सकाळी तिनेच तिथे टांगला होता. बाई आडवी येते ही तुझी तक्रार अगदी खरी आहे. मी मात्र या वेळी मुद्दामच बाजूला झालो नाही.