देवाच्या नावाची पट्टी

बाबा,

रागावूनच वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

बाइंडिंगचं वेगळं दुकान थाटून मला चार वर्षं झाली. निघताना मी तुम्हाला भित्रट म्हणाले होते, तेही गिऱ्हाइकासमोर. जुन्या प्रार्थनापुस्तकाचं एकेक पान तुम्ही दोन्ही हातांनी उचलायचात आणि तुमचे हात थरथरायचे. देवाचं नाव असलेला कपटाही फेकायचा नाही, जपून ठेवून मातीत पुरायचा, हा तुमचा नियम. मला हसू यायचं.

सोमवारी घाईघाईत एका प्रार्थनापुस्तकाच्या कडा मशीनवर कापल्या. पातं जरा आत गेलं. कातरणात एक पट्टी सापडली. तिच्यावर ते नाव होतं, अर्धंच. उरलेलं अर्धं पुस्तकात राहिलं.

काहीही झालं नाही, बाबा. वीज कोसळली नाही, मशीनसुद्धा बंद पडलं नाही. गिऱ्हाईक पुस्तक घेऊन खुशीत गेलं आणि मी गप्प बसले. कुणी ओरडलं असतं तर सुटले असते. आता तीन दिवस ती पट्टी घेऊन घरभर फिरतेय, कुठेच ठेववत नाही.

माझ्या लेकीला पहिल्यांदा हातात घेतलंत, तेव्हाही तुमचे हात असेच थरथरत होते. तेव्हा मी तुम्हाला भित्रट का नाही म्हणाले?

पट्टी या पाकिटात घातली होती. पण टपालात पाकिटं फेकतात, वर शिक्के आपटतात. माझ्याच्यानं टाकवेना. पत्र तेवढं टपालात टाकते, पट्टी रविवारी स्वतःच घेऊन येते. दार तुम्हालाच उघडावं लागेल, माझे दोन्ही हात मोकळे नसतील.

तुमची,
भित्रट लेक