बिनविरोध

९ जानेवारी २००६

तिसरं सोनं! आणि आजही कुस्ती नाही.

६७ किलोत आख्ख्या जिल्ह्यात मी एकटी. पंचांनी मॅटवर बोलावलं, शेजारी कोणी नसताना माझा हात वर केला, खाली सोडला. झालं. मी केस घट्ट बांधून, अंग गरम करून गेले होते. कशाला? लोक चहा प्यायला उठले. आणि कुस्ती न होता जिंकलेलीला पुढं राज्याला पाठवतही नाहीत.

गडमुडशिंगीत उतरले तर स्टँडवर गुंडू — "काय प्रीती, यंदा पण बिनविरोध? सरपंच करू काय आता तुला?" गावानं 'बिनविरोध' हेच नाव पाडलंय माझं. मीही हसले. घरी येऊन मेडल डाळीच्या डब्यात टाकलं.

१२ जानेवारी

वस्ताद गणपतरावांना विचारलं, मी खरंच चांगली आहे का? ते मॅटवरची ताडपत्री ताणून बांधत होते. "पोरांना आपटतीस की रोज." पण तालमीतली पोरं जपून खेळतात, मला कळत नाही का! बाहेरच्या पोरीशी माझी एकच कुस्ती झालीय. तीन वर्षांपूर्वी, मंगळवार पेठेतल्या कालिंदीशी. टांग मारली, ती पाठीवर. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. पण ती तेव्हा नवखी होती. मीही. त्यावर काय ठरवायचं?

जत्रेत वजनाचा काटा नसतो. दोघांना उभं करतात, लोक नजरेनंच जोड ठरवतात, जिंकला तो मोठा. मला त्या मातीत उतरू देत नाहीत. मॅटवर उतरू देतात, तर समोर कोणी नाही. मग मी मोठी ठरायची कशानं? वजनानं?

२० जानेवारी

आबा फाउंड्रीतून आले ते स्थळ घेऊनच. पन्हाळ्याचं. मुलगा कचेरीत कारकून.

"मेडलं दिसत्यात गं. पर कुणाला पाडलंस म्हणून लोक इचारत्यात. मी काय सांगू?"

रागावले नव्हते आबा. त्याचंच जास्त वाईट वाटलं. शेवटी ठरलं — फेब्रुवारीच्या निवड चाचणीत एक तरी खरी कुस्ती करून दाखवायची, मग लग्न लांबवतील. नाही झाली, तर बुद्ध पौर्णिमा झाली की विहारात लग्न.

हरले तरी चालेल. पण कुस्ती होऊ दे.

२ फेब्रुवारी

६३ किलोत पाच पोरी आहेत! तिथं उतरायचं. वस्तादांनी सगळ्या तालमींत सांगूनही टाकलं.

६ फेब्रुवारी

भाकरी बंद. दोन स्वेटर चढवून उजळाईवाडीच्या माळापर्यंत पळाले. आई ताट घेऊन मागं — "भरल्या अंगाची पोर, वाळवून काय सांडगं करतीस?"

१३ फेब्रुवारी

पळताना चक्कर आली, पडले. वस्तादांनी साखरपाणी पाजलं आणि एक शिवी दिली. काटा ६५ च्या खाली यायला तयार नाही. हाडंच जड माझी!

१४ फेब्रुवारी

नाव परत ६७ मध्ये. रडले. मग वस्ताद यादी बघून आले — त्या वजनात दुसरं नाव आहे! कालिंदी! पोट भरून जेवले. आबांनी रजा टाकली.

१८ फेब्रुवारी

संध्याकाळी वजनं झाली. कालिंदी काट्यावर चढली ती ६३ मध्ये. चार दिवसांत उतरवलं होतं तिनं! ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. हातात डबा, त्यात थुंकत होती, तेवढंच वजन कमी होतं म्हणून. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

कळलं मला. तिथं पाच पोरी, तिथं जिंकलं तर नाव. माझ्याशी खेळून काय मिळणार होतं तिला? बाहेर आबा जेवणाचा डबा घेऊन बसले होते. त्यांना सांगताना तोंड वर करता आलं नाही.

१९ फेब्रुवारी

हात वर. हात खाली. आबांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच.

२१ फेब्रुवारी

स्थळाला हो म्हणाले.

५ मार्च

बूट वस्तादांकडं देऊन आले. "थांब की अजून एक वरीस," म्हणाले. कशासाठी?

९ जून

पन्हाळा. इथली माणसं चांगली आहेत. ह्यांनी माझी मेडलं काचेच्या कपाटात लावलीत. कोणी पावणं आलं की विचारतं, कुणाला हरवलं वहिनींनी? हे माझ्याकडं बघतात. मी चहा टाकायला आत जाते.

२४ जून

कोल्हापूरला बांगड्या भरायला गेले होते. दुकानात कालिंदी भेटली. माझं मंगळसूत्र बघत राहिली. मग हॉटेलात नेलं आणि हळूच विचारलं, "परत उतरणार न्हाईस न्हवं मॅटवर? नक्की?"

"नाही. का गं?"

"तू खाली येतीयास म्हटल्यावर मी वर नाव घातलं. तू परत वर गेलीस, मी चार दिवस पाणी तोडून खाली आलो. तीन वर्सं हेच चाललंय की. टांग मारलीस त्या दिसापासनं तुझ्या वजनात एक पोर थांबत न्हाय. म्हाईत न्हवतं व्हय तुला?"

तिनं मिसळ मागवली, वर दोन पाव जादा. "सुटलो बघ," म्हणाली, आणि माझ्यासमोर बसून सगळं खाल्लं.