हेमाच्या माहेरचं भांगेचं बी

४ डिसें., गुरुवार
हेमाच्या माहेरून पार्सल आलं. पिथोरागडकडून इथवर, लई दिवस वाटेत. लोकरीचे मोजे, राजमा, आन एका पिशवीत राखाडी बारीक दाणे. कशाचे म्हणून विचारलं तर म्हणाली, भांगेचे. मी शिलाई मशीनवरून उठलेच. ती हसायला लागली. तिकडं पहाडात घरोघर चटणी करतात म्हणे, नशा बिलकुल न्हाई. भाजले, वाटले, लिंबू पिळलं. मुळ्यासंगं खाल्ली. कारळाच्या चटणीच्या जवळ जाते. सून या घरात आल्यापासून पोटभर जेवताना आज पाह्यली.

७ डिसें.
विकासचा फोन. पोरगा पोकलेन घेऊन आसामात रस्त्याच्या कामावर हाय, रेंज धड न्हाई. असल्याच कामावर पहाडात गेल्ता आन हेमाशी लगीन करून आल्ता. चटणीचं सांगितलं तर म्हणाला, आई, कुणाला दाखवू नको.
काल जाऊबाईला वाटीभर देऊन बसले होते.

१० डिसें.
हवालदार आला. मावशी, घरात गांजाचं बी ठेवता का. अन् सरळ स्वयंपाकघरात. पिशवी उचलली. मी कागद मागितला. म्हणाला, कागद ठाण्यात मिळतो. सगळी गल्ली ओट्यावर. हेमा भिंतीला टेकून उभी. मी मशीन चालवत राह्यले.
सांगितलं कुणी? भाऊजींनीच. माझ्या थोरल्या दिराला, जाऊबाईच्या नवऱ्याला, त्यांच्या मेहुणीची पोरगी विकासला करायची होती. पहाडी सून त्यांना पहिल्यापासून खपत न्हाई.

११ डिसें.
भाऊजी आले. मिटवून टाकू म्हणाले, माझी वळख हाय, फक्त सुनेला काही दिवस माहेरी पाठवा.
"तिचं घर हे हाय. चहा घेणार का?"
घेतला न्हाई.

१३ डिसें.
जालन्याला वकीलबाईकडं, हेमाला घेऊन. बाईंनी कायदा काढून वाचला. मी पुन्हा वाचायला लावला. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसतं बी, नुसती पानं, संगं शेंडा नसंल तर, गांजात धरत न्हाईत. पण पेरलं की गुन्हा. आन पिशवीत शेंड्याचा तुकडा निघाला तर गोष्ट बदलली.
बसमध्ये मला हलकं वाटून राह्यलं होतं. हेमा म्हणाली, तुकडा निघाला तर? तिची आई दाणे अंगणात सुपानं पाखडते. आता तिला कमी दिसतं.

१६ डिसें.
मागच्या दारी, खरकटं पाणी जातं तिथं, दातेरी पानांची रोपं. हेमानं वळखली, भांगेची. भाजायच्या आधी दाणे धुतल्याचं पाणी तिथंच गेलं होतं. मी मुळासकट उपटून चुलीत घातली. ती पाठ करून बसली. घरचा वास आला, एवढंच म्हणाली.
वाईट वाटलं. पण खाण्यासाठी भांडीन, पेरण्यासाठी न्हाई. त्या लोकांच्या हातात काही द्यायचं न्हाई.

१९ डिसें.
ठाण्यात. मी एकटीच गेले. साहेब वयानं लहान, बोलायला गोड. कागद तयारच. आमच्या घरात गांजाचं बी सापडलं, चूक झाली, पुन्हा ठेवणार न्हाई. सही करा, विषय संपला म्हणाले.
पिशवी टेबलावर. तोंड उघडं. ना सील, ना चिठ्ठी. कुणी येता-जाता त्यात काही टाकलं तर?
मी म्हटलं, "चूक झाली हे खोडा. बी हाय, गांजा न्हाई, असं लिहा. मंग सही करते."
तसं जमत न्हाई म्हणाले. मंग तपासणीला जाईल, सुनेचं नाव त्यात येईल.
"पाठवा. पण आधी पंचनामा करा, आन पिशवीला माझ्यासमोर सील लावा."
साहेबानं हवालदाराकडं पाह्यलं. हवालदारानं खिडकीकडं. सील लागलं तेव्हाच उठले. पंचनाम्याची नक्कल नंतर देऊ म्हणाले. नंतर म्हणजे कधी, ते न्हाई सांगितलं.

२१ डिसें.
दोघी बायका बिनशिवलेले ब्लाउजपीस परत घेऊन गेल्या. एक म्हणाली घाई न्हाई. घेऊन जा. राजूरच्या बाजारातून काम आणीन.
संध्याकाळी जाऊबाई मागच्या दारानं. त्यांनी सांगितलं, मी न्हाई, म्हणाली. जाता जाता हळूच, चटणी मात्र चांगली होती. मला हसू आलं, मंग रागही आला. हे पुढच्या दारानं येऊन म्हणायचं होतं.

२३ डिसें.
ठाण्यातून फोन. उद्या सुनेला घेऊन या. कशासाठी ते सांगत न्हाईत. वकीलबाईंची कोर्टात तारीख हाय, उशिरा पोचतील. विकास म्हणतो, आई, सही करून टाक, मला इथं काम सुचेना. त्याला म्हटलं, तू तुझा रस्ता कर. फोन ठेवला.
हेमा भाजी चिरून राह्यली होती. वर न पाहता म्हणाली, "आई, उद्या मी बोलते. दाणे माझ्या आईनं पाठवले. मी खाल्ले."
तिथं मराठी जमंल का विचारलं.
"जमेल तेवढं मराठीत. बाकी हिंदीत."
मी तिची गुलाबी साडी इस्त्री करून ठेवली. सकाळची पहिली गाडी. तिला खिडकीजवळ बसवीन.