फ्लेक्सच्या खालच्या ओळीत

प्रिय साहेबराव,

वरच्या कप्प्यात मुद्दाम कारलं घातलंय, म्हणजे तुझ्या ऑफिसातली पोरं डब्याला हात लावणार नाहीत आणि चपात्यांखालचा हा कागद तुझ्याच हाती पडेल. फोन करायला जीव धजत नाही. तुझा फोन तो पीए उचलतो आणि माझा कोण कोण ऐकतं, देव जाणे. आपली वर्षाली माहेरपण आटोपून पिंपळे सौदागरला सासरी परत निघाली होती, तिच्याच हाती डबा दिला. तिला काही विचारू नकोस. मामाला डबा द्यायचाय, एवढंच तिला ठाऊक आहे.

साहेबराव, मला फार भीती वाटते रे. सोजराबाईचा नवनाथ गेल्यापासून मी धड जेवलेले नाही. चाकणला त्या भंगाराच्या ठेक्यावरून पोरांची मारामारी झाली, कोणीतरी कोयता काढला, आणि लेकरू जागच्या जागी गेलं. केसमध्ये माझ्या निरंजनचं नाव आहे. तो तिथे होता, हे खोटं नाही. गाडी तोच चालवत होता. कोयता त्याच्या हातात नव्हता असं मला वाटतं, पण मी आई आहे, माझ्या वाटण्याला काय किंमत? पोलीस रोज येतात, पोरगा कुठाय म्हणून विचारतात. परवा कोणीतरी दारावर दगड मारला. तेव्हापासून मी खिडकीचा पडदा सरकवलेला नाही.

सोजराबाई मागच्याच गल्लीत राहते, तुला माहीतच आहे. नवनाथच्या बारशाला मी तिच्या घरी घुगऱ्या शिजवल्या होत्या. आता तिचं रडणं भिंतीपलीकडून ऐकू येतं आणि मला तिच्या दारात जायची छाती होत नाही. तू तिच्या बाजूने उभा राहिलास, चांगलं केलंस. तिच्यासाठी कोणी भांडायला नको का? त्याबद्दल माझ्या मनात तिळभर राग नाही.

पण परवा बँकेत जायला रिक्षात बसले आणि चौकातला तुझा नवा फ्लेक्स दिसला. नराधमांना फाशी झालीच पाहिजे, असं मोठ्या लाल अक्षरांत, आणि खाली उद्या सकाळच्या निगडी बस टर्मिनसपासूनच्या निषेध मोर्च्याची हाक. आणि तू हात जोडून हसतोयस! वाढदिवसाचाच फोटो, बाबा. त्या फ्लेक्सवाल्याने तुझ्या वाढदिवसाचीच फाइल काढली, वरचा मजकूर बदलला आणि खालची शुभेच्छुकांच्या फोटोंची ओळ तशीच ठेवली. त्या ओळीतल्या तिसऱ्या गोलात निरंजन आहे. गॉगल लावून. ज्याला फाशी मागताय तोच फाशी मागणाऱ्यांच्या रांगेत! अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. अशा फ्लेक्सची खालची ओळ वाचतो कोण? ज्याचं पोरगं तिथे असतं तोच. पण एकाने जरी पाहिलं तरी व्हॉट्सअॅपवर जायला कितीसा वेळ लागतो? मग लोक तुला सोडणार नाहीत आणि माझं घर तर उभंच राहणार नाही. आधी तो फ्लेक्स उतरवायला सांग.

तो गॉगल तूच आणला होतास त्याला, आठवतं? कार्यकर्ता म्हणून शोभला पाहिजे म्हणालास. कंपनी सोडून तो तुझ्या मागे फिरायला लागला तेव्हा मी किती कटकट केली होती. तू हसून म्हणालास, ताई, माझ्या पोरासारखा आहे, काळजी करू नकोस. आणि काल टीव्हीवर म्हणालास की अशांना मी ओळखतसुद्धा नाही. माझी भूमिका ठाम आहे म्हणालास, भर चौकात लटकवा. तुझं ते बोलायला लागलं की हात वर नेणं, ते मला नवं नाही. ते मी आधी पाहिलेलं आहे.

हे कंपनीच्या संपात अडकले होते ते दिवस डोळ्यांसमोर येतात. मारामारीत सुपरवायझर मेला, आणि हे पुढे होते म्हणून केसमध्ये ह्यांचंच, बबनरावांचं, नाव पहिलं लिहिलं गेलं. तेव्हाही गेटवर लोक फाशी फाशी ओरडत होते. तू तेव्हा नुकतंच गावाकडून आलेलं पोरगं, आमच्याच खोलीत भाड्याने राहायचास, माझ्याच हातचा डबा न्यायचास. पण ऑइलच्या पिंपावर चढलास आणि सगळ्यांना गप्प केलंस. मेलेला माणूस परत येत नाही, आणि चुकून लटकवलेलाही परत येत नाही, असं म्हणाला होतास. मी वर्षालीला कडेवर घेऊन खाली उभी होते. त्या दिवशी मी तुला भाऊ मानलं. पुढे साक्षीदार फिरला, खरा माणूस सापडला आणि हे घरी आले. जिवंत होते म्हणून आले, साहेबराव. नंतर आजारपणाने गेले, पण ते स्वतःच्या अंथरुणावर, लेकरांच्या हातचं पाणी पिऊन.

तू बदललास म्हणून मी तुला टोचत नाहीये. मतांसाठी माणसाला काय काय बोलावं लागतं ते मी इतकी वर्षं जवळून बघतेच आहे. पण तू बोलतोस ते लोक ऐकतात, आणि ऐकून हातात दगड घेतात. कोर्टाची फाशी यायला वर्षं लागतील, तिची मला आज भीती नाही. भीती आहे ती माझ्या दारापासून पोलीस चौकीपर्यंतच्या रस्त्याची. तिथे कोर्ट नाही, वकील नाही, नुसती तुझी पोरं उभी आहेत.

आता खरं सांगते, त्यासाठीच कारल्याआड लपून लिहिलं. निरंजन घरात आहे. काल दुपारी आख्खी गल्ली टीव्हीवर तुझं भाषण बघत होती तेव्हा तो मागच्या बोळातून आला. आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलाय. तुमची भोंग्याची रिक्षा गल्लीतून जाते, तुझाच आवाज, फाशी फाशी म्हणत, आणि तो लहानपणी फटाक्यांना घालायचा तशी कानात बोटं घालतो. त्याला हजर व्हायचंय. जे घडलं ते सांगायचंय, कोयता कोणाचा होता तेही. पण एकटा गेला तर चौकीच्या पायरीपर्यंत पोचणार नाही, हे त्यालाही कळतं आणि मलाही. सारखं एकच म्हणतो, मामा आला तर जातो. टीव्हीवर तुला ऐकलं तरीही मामाच म्हणतो रे! उद्या मोर्च्याच्या आधी ये. गाडी लांब लावू नकोस, पुढच्या दाराने ये, भाऊबीजेला येतोस तसा, म्हणजे गल्ली बघेल. त्याचा हात धर आणि त्याला चौकीत नेऊन बसव. मग माग ना फाशी, मी अडवणार नाही. पण दुसरा हात त्याच्या खांद्यावर ठेवून माग. ठेवता आला तर.

मी कडी काढून बसते.

अजूनही तुझीच ताई,
सुमन