वापरून बघा, मग ठरवा

३ नोव्हेंबर

आले एकदाची! ताई स्टँडवर न्यायला आली होती आणि मला बघताच पहिलं वाक्य काय, तर किती वाळलीस गं. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, त्यामुळे माझं वजन ही तिची कायमची जबाबदारी. भाऊजींनी दारातच अडवलं. परतीचं तिकीट दाखवल्याशिवाय पाहुण्यांना आत घेत नाही म्हणाले. मी म्हटलं, तिकीट काढलंच नाही. मग बॅगा त्यांनीच उचलून आत नेल्या.

माझ्यासाठी गॅलरी बंद करून खोली केली आहे. एक घडीची खाट, एक खुंटी आणि समोरच्या इमारतीचे पाइप दिसणारी खिडकी. मला आवडली. भिंतीवर ताईने आमचा दोघींचा फोटो लावलाय. मी फ्रॉकमध्ये, नाक गळतंय.

भुंगी सारखी मागेमागे होती. माझी भाची, दुसरीत आहे. दिवसभर तोंडाने काहीतरी गुणगुणत असते म्हणून भुंगी. पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे हसताना तोंडावर हात. ताई म्हणाली, माय मरो मावशी जगो, उद्यापासून हिच्या वेण्या तू घालायच्या. घालीन की.

६ नोव्हेंबर

नोकरीचा पहिला दिवस. वरच्या मजल्यावरचा व्हिडिओ स्टुडिओ, दोन खोल्या. एकीत पडदे आणि दिवे, दुसरीत मालक आणि त्यांचा कॉम्प्युटर. कायमची माणसं आम्ही दोघंच. कॅमेरेवाले ऑर्डरपुरते येतात. मला वाटलं होतं शूटिंगचं काम मिळेल, पण हातात आली ती दिव्याची छत्री. दिवसभर ती धरून उभी. आत्ता लिहिताना दंड थरथरतोय.

मालक माणूस चांगला, पण रोखठोक. स्टुडिओच्या कॅमेऱ्याला नव्याचा हात लागू देत नाहीत. ज्याचा स्वतःचा कॅमेरा, त्याला वाढदिवस, शाळेचे कार्यक्रम वगैरे देतात. म्हणजे कॅमेरा आला की छत्री सुटली. पण नवा घ्यायचा तर वर्षभर तरी साठवायला हवं. जुना आत्ताही परवडेल.

९ नोव्हेंबर

स्टुडिओच्या मागच्या गल्लीत जुन्या वस्तूंचं दुकान आहे. पंखे, मिक्सर, रेडिओ, सगळं एकमेकांच्या अंगावर रेललेलं. दुकानदार म्हातारा, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने आतून एक व्हिडिओ कॅमेरा आणला. काळा, हातात नीट बसणारा, पट्टा कुणाच्या तरी तळव्याने मऊ झालेला. चित्र अगदी स्वच्छ. आधी कुणाचा होता म्हणून विचारलं तर तो डोकं खाजवत बसला. कुणीतरी आणून ठेवला खरा, पण कोणी ते काही केल्या आठवत नाही म्हणाला. वयाचा परिणाम! घेऊन जा, चार दिवस वापरून बघा, मग ठरवा, असं तोच म्हणाला. चाचणी म्हणून मी त्याचंच शूटिंग केलं. लाजला, केस सारखे केले.

घरी लगेच दोन पक्ष पडले. भाऊजी म्हणाले, जुनं यंत्र घेणं म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. साठव आणि नवा घे. ताई म्हणाली, तोवर हिचा हात गळून पडेल त्याचं काय. माझं आपलं धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. शेवटी भाऊजी उशी मांडीवर घेऊन बातम्या द्यायला बसले. आमच्या मेहुणीबाईंनी भंगार खरेदी केल्याचं वृत्त आहे, असं गंभीर तोंडाने. मी ते सगळं टिपलं. हसून पोट दुखलं. भुंगी मात्र पडद्यामागून बाहेर येईना. दात आल्यावर काढ म्हणाली.

१० नोव्हेंबर

भाऊजींचं नवीन नाटक. सकाळी मी चहाला बसले तर त्यांनी ताईला हळूच विचारलं, ही कोण? मग मला अहो-जाहो. साखर हवी का तुम्हाला? ताई म्हणाली, अहो, हिला सवय नाही तुमच्या फाजीलपणाची. भुंगीला फार मजा वाटली. बाबांच्या मागे लागून तीही मला अहो मावशी म्हणत होती.

११ नोव्हेंबर

चेष्टा लांबली. आज भाऊजी जेवताना एकदाही हसले नाहीत. स्वयंपाकघरात ताईला म्हणाले, तुझी मैत्रीण अजून किती दिवस आहे? मी दाराशीच होते. ताई चिडली. बाबा, पुरे आता, असं भुंगीसुद्धा म्हणाली. त्यावर ते आमच्याकडे असे बघत राहिले, की जणू आम्ही तिघींनी मिळून त्यांची टिंगल चालवली आहे.

ताई उद्या त्यांना डॉक्टरांकडे नेणार.

१२ नोव्हेंबर

भाऊजींचं ऐकायचं ठरवलं. साठवूनच घेईन. त्यांनाही बरं वाटेल.

कॅमेरा परत द्यायला गेले. म्हाताऱ्याने मला ओळखलंच नाही. वर कॅमेरा उलटसुलट करून म्हणाला, हा माझ्या दुकानातला नाही, बाई. दुसरीकडून घेतला असशील. हुज्जत घातली तर शेजारचे दुकानदार बघायला लागले. आता फुकटचा कॅमेरा गळ्यात पडला.

मालकांनी तो माझ्या हातात बघितला आणि लगेच संध्याकाळचा एक वाढदिवस माझ्यावर सोपवला. नाही म्हणवेना. बरं झालं शूटिंग. केक कापताना मालकांनाही ओढून चौकटीत घेतलं. जाताना म्हणाले, हात चांगला आहे तुझा. किती दिवसांनी कुणी असं म्हणालं!

डॉक्टर म्हणाले, भाऊजींना काही झालेलं नाही. त्यांना सगळं आठवतं. ऑफिस, शाळेतले मित्र, लग्नाचा हॉल. फक्त मी नाही.

१३ नोव्हेंबर

स्टुडिओत गेले. मालक उठून उभे राहिले. या, कशाचं शूटिंग करायचंय?

मी हसले. ते हसले नाहीत. मी कालच्या वाढदिवसाचं सांगितलं. ते म्हणाले, तो तर मीच कुणालातरी दिला होता, आणि मध्येच थांबले. कोणाला दिला ते त्यांना आठवेना. मग स्वतःच सावरून म्हणाले, दिवे धरायला एक मुलगी हवी आहे, तुम्हाला काम हवं असेल तर बघा.

खाली आले आणि जिन्यातच बसले. म्हातारा. भाऊजी. मालक. तिघांचं शूटिंग मी केलंय. मी ज्याला टिपते तो रात्री झोपतो आणि सकाळी —

वेड्यासारखं वाटतंय हे लिहितानासुद्धा.

१४ नोव्हेंबर

कॅमेऱ्यातलं सगळं पुसून टाकलं. एकूण एक. भाऊजी तसेच.

न राहवून ताईला सांगितलं. तिने माझं कपाळ चाचपलं. नोकरी गेली म्हणून डोक्यात काहीतरी भरवून घेतलंस म्हणाली. मी रडायला लागले, तशी तिने पदर खोचला आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. लहानपणी मी पाण्याला भ्यायचे तेव्हा ती आधी स्वतः उतरायची, अगदी तशी समोर उभी राहिली. काढ माझं शूटिंग. कडेवर घेऊन वाढवलंय तुला, हे डबडं मला काय विसरायला लावणार? मी नको नको म्हणत होते. ती ओरडली, काढ म्हणते ना!

काढलं. देवा, मी काढलं. ती चुकीची नसेल, असं मलाही वाटून घ्यायचं होतं. ताई कधी चुकत नाही. ती उभी होती आणि माझ्याकडे बघून हसत होती.

१५ नोव्हेंबर

सकाळी गॅलरीचं दार उघडलं आणि ताई किंचाळली.

१५, दुपार

लॉजवर आहे. अंगावरच्या कपड्यांनिशी, पर्स आणि ही वही घेऊन. बाकी सगळं तिथेच राहिलं.

मी ताई, ताई म्हणत होते. भिंतीवरचा फोटो दाखवला. ती फोटोतल्या माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि पांढरीफटक पडली. माझ्या फोटोत तू कशी आलीस, म्हणाली. इतकी घाबरलेली ताई मी कधी पाहिली नव्हती. आणि ती मला घाबरली होती.

भुंगी मला मिठी मारून होती. मावशी आहे ती, आई, मावशी आहे! भाऊजींनी तिला सोडवून आत नेलं. ताई म्हणत होती, पोरीला हिने काय शिकवून ठेवलंय बघा.

एक भुंगी राहिली. तिला मी टिपलं नाही. तिच्या दातांनी वाचवलं मला.

१६ नोव्हेंबर

दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा भाऊजींनी उचलला. पुन्हा केलास तर पोलिसांत जाईन.

म्हाताऱ्याच्या दुकानात गेले. तो कॅमेरा बिघडवायचा कसा, थांबवायचा कसा, तुमच्याकडे कोणी आणला, काहीतरी आठवा, म्हणून हात जोडले. त्याने मला पाणी दिलं. भला माणूस. त्याला काहीच माहीत नाही. कॅमेरा आणून देणारासुद्धा असाच दारोदार फिरला असेल. कुठे असेल तो आता? कोण म्हणून?

कॅमेरा ताईच्या घरी आहे. खाटेखाली.

१७ नोव्हेंबर

मधल्या सुट्टीत शाळेच्या कुंपणापाशी गेले. फक्त बघायला. भुंगी धावत आली. जाळीतून बोटं बाहेर काढली. रात्री आई रडत होती म्हणाली, का ते आईलाच कळत नव्हतं.

मग तिने दप्तरातून —

मला आधी कळलंच नाही. डबा काढतेय असं वाटलं. आई विसरली, बाबा विसरले, मी पण विसरले तर, म्हणून तुला यात भरून ठेवते, म्हणाली. लाल दिवा लागला होता. मी तोंड फिरवलं, ओरडले, बंद कर. ती घाबरली. रडायला लागली. मी तिला म्हटलं, तू चुकली नाहीस, बाळा. उद्या येते. नक्की येते.

आता विसरायची पाळी माझी.

झोपायचं नाही. लिहीत राहायचं. भुंगी. ताईची मुलगी. दुसरीत. दोन दात नाहीत. गुणगुणते. वेण्या घालताना मान वाकडी करते. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास. उजव्या गुडघ्यावर खरचटलंय. भुंगी. भुंगी. भुंगी. चेहरा आठवला नाही तरी उद्या जायचं. कबूल केलंय. डोळे मिट

१८ नोव्हेंबर

वरचं अक्षर माझंच आहे.

पहिल्या पानापासून वाचलं. ताई आठवते, तिचं घर आठवतं, खाट, खिडकी, पाइप. भाऊजींच्या बातम्याही आठवतात. पण त्या घरात मूल नव्हतं. वहीत प्रत्येक पानावर आहे आणि घरात कुठेच नाही. ताईला मूल कधी झालं?

तरी जाते. कबूल केलंय असं लिहिलंय.

१८, शाळेत

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत बसवलंय. दाराशी वॉचमन.

एक पोरगी धावत जाळीशी आली होती. लोकांच्या मुलांकडे बघून हसतो तशी मी हसले. तिचा चेहरा — तिला तिथेच कळलं. मोठ्याने रडली. वॉचमन धावला. दप्तरात कॅमेरा सापडला. पोरीला फूस लावायला हा तुम्हीच दिलात ना, असं विचारतायत.

ताईला बोलावलंय. आली. मी उठले, ताई म्हणाले. ती भाऊजींच्या मागे सरकली. हीच ती बाई, म्हणाली.

मी म्हटलं, मी हिची सख्खी बहीण आहे. बाईंनी विचारलं, मग ही मुलगी तुमची कोण? भाची, म्हणाले. वाचलं होतं म्हणून म्हणाले. आवाज खरा वाटला नाही. मलाच वाटला नाही.

मग नाव सांगा हिचं. शाळेतलं नाव.

वही चाळतेय. भुंगी. सगळीकडे भुंगीच. एकदाही दुसरं काही लिहिलेलं नाही. आपल्याच भाचीचं नाव कोण कशाला लिहून ठेवील —

भुंगी म्हणून पाहिलं. ताई म्हणाली, कुंपणाबाहेर उभी राहून कुणीही ऐकेल ते.

लिहितेय तेवढाच वेळ मिळतोय. पोलीस जिन्यात आहेत. आठवा, सावकाश आठवा, असं म्हणतायत बाई, पण कुत्सितपणे.

पोरगी काचेपलीकडे आहे. ओरडत नाही आता. माझ्याकडे बघून ओठ हलवतेय. नाव सांगतेय मला. स्वतःचं नाव. ओठ मिटतात, मग उघडतात — म? — की प? — पुन्हा म्हण, बाळा, सावकाश — ओठ मिटले — मग जीभ वर — ताई तिला उचलतेय — नको, ताई, एक मिनिट — पुन्हा एकदा, एकदाच — मि